मागील पानावरून पुढे

दिवाळी अंक घरात आला, की आमच्याकडे त्याची रीतसर वाटणी होते. सौभाग्यवतींना राशिभविष्य आणि पाककृती, चिरंजीवांना व्यंगचित्रे, आणि उरलेला अंक मला. उरलेल्या अंकात कथा असतात. कथा ऐन रंगात आली, की पानाच्या तळाशी कंसात एक ओळ येते : ‘पुढील मजकूर पान १४७ वर.’ आपण निमूटपणे पान १४७ काढतो. तिथे वर लिहिलेले असते, ‘पान ३८ वरून पुढे.’ की झाली कथा चालू!

लहानपणी वाचनालयातून आणलेल्या एका अंकातले हे पुढचे पानच कोणीतरी फाडून नेले होते. अंक परत देताना मी वाचनालयाच्या काकांना तसे सांगितले. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘तूच फाडलं असशील.’’ त्या रहस्यकथेतला खून कोणी केला, हे मला आजतागायत कळलेले नाही. पण काकांची ती नजर मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

या सदरात दरवर्षी मी मराठी भाषेविषयी काहीतरी लिहितो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. यंदा ज्या भाषेविषयी लिहिणार आहे, ती मला येत नाही. तिचे नाव पीएचपी. वेबसाइटची पाने तयार करण्यासाठी ती वापरतात. तिची आणि माझी गाठ कशी पडली, आणि त्यात मी वाचनालयाचा काका कसा झालो, ते सांगतो.

त्याचे असे झाले. आमच्या कॉलेजचे प्रवेश-अर्ज आता वेबसाइटवर भरावे लागतात. ही वेबसाइट काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने करून दिली. तो आता परदेशी असतो. ती सांभाळायला एक कमिटी नेमली : भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, ऑफिसातले हेडक्लार्क आणि तिसरा मी. ‘‘मला यातले काय कळते?’’ असे मी प्राचार्यांना विचारले. ते म्हणाले, ‘‘अहो, वेबसाइट पीएचपीत लिहिलेली आहे. पीएचपी ही भाषाच की! कमिटीत भाषेचा माणूस नको का?’’ प्राचार्य गणिताचे आहेत. त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचे ऐकिवात नाही. माझ्याकडे शुद्धलेखन तपासण्याचे काम आले, आणि ‘माहीती’ची ‘माहिती’ करून मी निर्धास्त झालो.

अर्ज पाच पानांचा. पहिल्या पानावर नाव-पत्ता, दुसऱ्यावर बारावीचे गुण, तिसऱ्यावर प्रवर्ग, चौथ्यावर उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक, पाचव्यावर हवे असलेले विषय आणि पालकांचा मोबाइल नंबर. एकेक पान भरायचे आणि ‘पुढे’ हे बटण दाबायचे. शेवटी ‘अर्ज मिळाला. धन्यवाद.’ अशी पाटी येई. त्या पाटीचे शुद्धलेखन निर्दोष होते. मीच तपासले होते.

यंदाच्या जूनमध्ये गुणवत्ता-यादी लागली, त्या दुपारी एक मुलगी आणि तिचे वडील स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभे राहिले. वडील एस. टी.त कंडक्टर. अंगावर खाकी गणवेश होता, म्हणजे ड्यूटीच्या मधल्या वेळात आलेले. मुलीचे नाव यादीत कुठेच नव्हते. मी त्यांना ऑफिसात नेले. हेडक्लार्कांनी यंत्रावर सगळे अर्ज काढले. तिच्या नावाचा अर्ज नव्हता. वडिलांचा मोबाइल नंबर घालून शोधले, तेव्हा एक ओळ सापडली. नावाच्या रकान्यात काही नाही. गुणांच्या रकान्यात शून्य. शून्य गुणांचा अर्ज यादीत येणार कुठून?

लिहायला लाज वाटते, पण मी जे बोललो ते असे : ‘‘बारावी झालीस तू. अर्जावर स्वतःचं नाव लिहायचं राहतं कसं?’’

ती रडली नाही. एवढेच म्हणाली, ‘‘सर, मी लिहिलं होतं. मागच्या पानावर लिहिलं होतं.’’

‘‘लिहिलं असतंस, तर इथं दिसलं असतं,’’ मी म्हणालो. वर्गात वापरायचा आवाज बाहेरही निघतो, हा आमच्या धंद्याचा दोष. वडील मुलीला हळूच म्हणाले, ‘‘ऱ्हायलं असंल गं घाईत.’’ त्यांनी मला नमस्कार केला आणि दोघे निघून गेले.

रात्री जेवताना घास गोड लागेना. ‘मागच्या पानावर लिहिलं होतं’ हे वाक्य कानांतून जाईना. मग वाचनालय आठवले, काकांची नजर आठवली, आणि त्या नजरेने आज कोणाकडे कोणी पाहिले, हेही उमगले.

माझा भाचा सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. रविवारी तो जेवायला आला, तेव्हा बासुंदीची वाटी पुढे करून मी त्याला सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, ‘‘मामा, त्या ओळीत काय काय आहे, ते आधी सांगा.’’

मी डायरीत टिपून आणले होते. पहिल्या तीन पानांतले काहीच नाही. शेवटच्या दोन पानांतले सगळे जागच्या जागी.

‘‘मग ती मुलगी खरं बोलतेय,’’ तो म्हणाला. ‘‘तिसरं पान भरल्यावर चौथ्याला तिला बराच वेळ लागला का, तेवढं विचारा.’’

मी कंडक्टरसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, होय; उत्पन्नाचा दाखला घरीच राहिला होता. तो आणायला ते गेले, आणि मुलगी आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटरसमोर पाऊण तास बसून राहिली. ‘‘उठली नाही, साहेब. उठलं तर नंबर जाईल म्हणून पाण्याला बी गेली न्हाई.’’

भाच्याने मान डोलावली. ‘‘घोटाळा तिथंच आहे. पीएचपीची पानं विसराळू असतात.’’

आता वाचकहो, भाच्याने जे सांगितले ते माझ्या भाषेत सांगतो. चुकले तर दोष माझा. आपण ‘पुढे’ हे बटण दाबतो, तेव्हा आपली मागणी दूरच्या एका मोठ्या यंत्राकडे जाते. त्याला सर्व्हर म्हणतात. तिथे पीएचपीचा कार्यक्रम सुरू होतो, माहिती घेतो, नवे पान तयार करून आपल्याकडे पाठवतो, आणि संपतो. पुढच्या पानाला पुन्हा कोरा आरंभ. मधल्या काळात हाताशी धरलेली माहिती तो ज्या नावांत ठेवतो, त्यांना व्हेरिएबल म्हणतात. प्रत्येक नावापुढे डॉलरचे चिन्ह असते. कार्यक्रम संपला, की सगळी व्हेरिएबल त्याच्याबरोबर नाहीशी होतात.

‘‘म्हणजे डबेच,’’ सौभाग्यवती म्हणाल्या. ‘‘डब्यावर नाव साखर, आत आज साखर, उद्या रवा.’’

‘‘बरोबर, मामी. फक्त हे डबे दर जेवणानंतर कोणीतरी फेकून देतं.’’

मला आपले व्याकरण आठवले. ‘तिने ते त्याला दिले’ हे वाक्य घ्या. मागचे वाक्य ठाऊक असेल, तर स्वच्छ अर्थ लागतो. मागचे पान फाटलेले असेल, तर ती कोण, तो कोण आणि ते काय, सगळाच अंधार. व्हेरिएबल म्हणजे सर्वनामच. मागच्या पानावाचून त्याला अर्थ नाही.

‘‘पण असली विसराळू व्यवस्था केली कोणी?’’ मी विचारले.

त्याचे उत्तर मजेदार आहे. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन-संस्थेत १९९०च्या सुमारास टिम बर्नर्स-ली यांनी ही पाने मागवण्याची रीत बसवली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणे वाचता यावीत म्हणून. पान मागितले, पान दिले, संबंध संपला. आधी काय मागितले होते, हे लक्षात ठेवायची गरजच नव्हती. पुढे १९९४ साली रासमुस लेरडॉर्फ या तरुणाने, जो जन्माने ग्रीनलंडचा, आपल्या वेबवरील परिचय-पत्रकाला किती लोक भेट देतात हे पाहण्यासाठी काही छोटी हत्यारे तयार केली. १९९५च्या जूनमध्ये त्याने ती सर्वांसाठी खुली केली. नाव काय, तर ‘पर्सनल होम पेज’, म्हणजे आपले घरगुती पान! पीएचपी ही अक्षरे त्यावरून पडली. मग इस्रायलमधील अँडी गटमन्स आणि झीव सुरास्की या दोन विद्यार्थ्यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला, आणि १९९८च्या जूनमध्ये तिसरी आवृत्ती निघाली. घरगुती म्हणून जन्मलेल्या या भाषेत पुढे दुकाने आली, बँका आल्या, आणि आमच्या कॉलेजचे प्रवेशही आले.

विसरण्यात फायदाही आहे, असे भाचा म्हणतो. हजारो माणसे एकाच वेळी पाने मागत असतात. त्यांतला कोण मध्येच उठून चहाला गेला, कोणाची वीज गेली, हे सर्व्हरला कळत नाही. प्रत्येकाची आठवण धरून बसायचे, तर तो दमून जाईल. आणि एकाचे व्हेरिएबल चुकून दुसऱ्याच्या पानात शिरण्याची भीतीही उरत नाही. तेव्हा विसरणे हा स्वभाव, आणि आठवण ठेवायची असेल तर ती मुद्दाम योजून ठेवावी लागते. त्या योजनेचे चार-पाच मार्ग आहेत.

पहिला मार्ग पोस्टकार्डाचा. त्याला ‘गेट’ म्हणतात. माहिती पानाच्या पत्त्यालाच, प्रश्नचिन्ह घालून पुढे जोडायची. ती पत्त्याच्या पट्टीत चक्क डोळ्यांना दिसते. शोध घेण्यासाठी, किंवा ‘पान तिसरे दाखवा’ असे सांगण्यासाठी हे ठीक. पासवर्ड असा पाठवणे म्हणजे गुपित पोस्टकार्डावर लिहिणे.

दुसरा मार्ग पाकिटाचा, ‘पोस्ट’. माहिती पत्त्यावर न लिहिता आत घालायची. फॉर्म भरून पाठवतात तो बहुधा असाच. पण पाकीट म्हणजे लाखेची मोहोर नव्हे. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असेल, तरच वाटेत ते कोणाला फोडून वाचता येत नाही.

दोन्ही मार्गांनी माहिती एका पानावरून पुढच्या पानावर जाते, आणि तिथे संपते. पहिल्या पानावरचे नाव दुसऱ्याला मिळते. पाचव्याला मिळायचे, तर मधल्या प्रत्येकाने ते पुढे दिले पाहिजे. त्यासाठी तिसरा मार्ग काढला आहे : पानातच एक अदृश्य रकाना ठेवायचा, आणि मागून आलेले नाव त्यात लिहून पुढे धाडायचे.

‘‘मग हेच का नाही केलं?’’ मी उत्साहाने विचारले. ‘‘पाऊण तास काय, पाच तास लागले तरी चिठ्ठी मुलीजवळच राहिली असती!’’

‘‘अदृश्य म्हणजे फक्त डोळ्यांना न दिसणारा, मामा. ज्याला थोडं कळतं, तो ते पान उघडून रकाना वाचू शकतो, आणि बदलूही शकतो. बासष्ट टक्क्यांचे ब्याण्णव करायला दोन मिनिटं पुरतात. काही जुन्या दुकानदारांनी मालाची किंमत अशा रकान्यात ठेवली होती. गिऱ्हाइकानं स्वतःच किंमत कमी करून माल मागवावा, एवढी सोय झाली!’’

इथे भाच्याने एक जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी पीएचपीत अशी पद्धत होती, की बाहेरून आलेल्या माहितीचे आपोआप व्हेरिएबल बनायचे. कोणी पत्त्याला ‘मालक बरोबर होय’ असे जोडले, आणि कार्यक्रमात त्या नावाचे, आधी किंमत न दिलेले व्हेरिएबल असले, की पाहुणा थेट मालक! २००२ साली ही सवय मुळातून बंद ठेवण्यात आली. ज्याला हवी त्याने मुद्दाम चालू करावी. २०१२ साली ती भाषेतून काढूनच टाकली. आता गेटने आलेले एका पेटीत, पोस्टने आलेले दुसऱ्या पेटीत, आणि प्रत्येक वस्तू कोणत्या दाराने आली, हे पाहूनच ती उचलायची. मला हे फार पटले. भाषेतसुद्धा शब्द कोठून आला, हे विचारल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये.

चौथा मार्ग ‘कुकी’चा. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी तो काढला. सर्व्हर आपल्या ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी देतो, ब्राउझर ती जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक भेटीत दाखवतो. चिठ्ठी लहान, सुमारे चार किलोबाइटची. म्हणजे भला मोठा अर्ज तीत मावायचा नाही. शिवाय ती गिऱ्हाइकाच्या खिशात असते, तेव्हा खाडाखोडीची भीती इथेही आहेच.

आणि पाचवा मार्ग ‘सेशन’चा. पीएचपीत तो २००० साली, चौथ्या आवृत्तीबरोबर आला. हा मात्र आपण सगळे देवळाबाहेर रोज पाहतो. चपला स्टँडवर द्यायच्या आणि बिल्ला घ्यायचा. चपला आत राहतात. आपल्याजवळ राहतो तो फक्त नंबर. सर्व्हरही तसाच माहिती आपल्याकडे ठेवतो, आणि कुकीतून आपल्याला फक्त एक लांबलचक नंबर देतो. प्रत्येक पानाच्या आरंभी, इतर काही लिहिण्याआधी, ‘सेशन स्टार्ट’ असा श्रीगणेशा करावा लागतो. तो विसरला, तर स्टँड उघडतच नाही. चपला आत असल्यामुळे गिऱ्हाइकाला त्यांत फेरफार करता येत नाही. म्हणून हा मार्ग इतरांपेक्षा भरवशाचा.

‘‘आमचा अर्ज कोणत्या मार्गानं जातो?’’

‘‘याच. म्हणूनच पहिली तीन पानं गेली.’’

‘‘आत ठेवलेल्या चपला जातील कशा?’’

‘‘चपला किती वेळ सांभाळायच्या, याला मर्यादा असते, मामा. तुम्ही काही बदललं नाही, तर एक हजार चारशे चाळीस सेकंद. तेवढ्या वेळात कोणी बिल्ला दाखवला नाही, की त्या बेवारशी ठरतात.’’

मी कागदावर भागाकार केला. चोवीस मिनिटे! वाचकहो, चोवीस मिनिटे म्हणजे बरोबर एक घटका. अहोरात्रीच्या साठ घटका, त्यांतली एक. जुन्या लग्नांत पाण्यावर भोकाचे तांब्याचे पात्र सोडत, ते भरून बुडाले की घटका भरली. मी आनंदाने टाळी वाजवली. सौभाग्यवतींनी माझ्याकडे असे पाहिले, की टाळी अर्ध्यावरच राहिली. पाऊण तास पाणीसुद्धा न पिता बसलेल्या मुलीची घटका भरली होती, आणि मला व्युत्पत्ती सुचत होती.

दुसऱ्या दिवशी कमिटीत मी हे सांगितले, तेव्हा भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, ‘‘शक्य नाही. अर्ज सुरू होण्याआधी मी स्वतः रात्री बसून तपासलंय. मध्येच तासभर थांबलो, तरी माझं नाव जागेवर होतं.’’ ते खोटे बोलणारे गृहस्थ नाहीत. मी तिथूनच भाच्याला फोन लावला.

उत्तर ऐकून आम्ही तिघेही गप्प झालो. घटका भरली म्हणजे चपला बेवारशी ठरतात. पण लगेच टाकल्या जात नाहीत. त्या उचलायला झाडूवाला यावा लागतो, आणि तो घड्याळ पाहून येत नाही. मूळच्या व्यवस्थेत स्टँड शंभर वेळा उघडला, की त्यांतून सरासरी एकदा त्याला हाक जाते. रात्री प्राध्यापक एकटेच बसले होते. हाकच गेली नाही, बेवारशी चपला जागेवर राहिल्या. अर्जाच्या शेवटच्या दिवशी शेकडो मुले एकदम आली. स्टँड क्षणाक्षणाला उघडत होता, आणि झाडूवाला सारखा फेऱ्या घालत होता. म्हणजे यंत्र तपासणाऱ्याला विसरले नाही. गर्दीत उभे असलेल्यांना विसरले. आणि ज्यांच्याकडे घरी कॉम्प्युटर आहे, सगळे दाखले फाइलीत लावलेले आहेत, त्यांचा अर्ज दहा मिनिटांत होतो. घटका भरते ती दाखला आणायला घरी जावे लागणाऱ्यांची.

‘‘ते झालं,’’ हेडक्लार्क म्हणाले, ‘‘पण नाव नसलेला अर्ज यंत्रानं घेतला कसा? माझ्या खिडकीवर असा कागद आला असता, तर मी तिथल्या तिथं परत दिला असता.’’

हाच खरा प्रश्न होता. चौथे पान पाठवताना मुलीने बिल्ला दाखवला. आत चपला नव्हत्या. पण कार्यक्रमाने ‘चपला आहेत का?’ असे विचारलेच नाही. त्याने त्याच नंबरावर नवी, रिकामी जागा दिली. शेवटच्या पानाने नाव मागितले, मिळाले नाही. अशा वेळी पीएचपी थांबत नाही. ती एक इशारा देते आणि रिकामे धरून पुढे चालू लागते. तो इशाराही लोकांना दिसू नये म्हणून झाकलेला होता. मग रिकामे नाव, शून्य गुण, आणि वर ‘अर्ज मिळाला. धन्यवाद.’

मी संध्याकाळी एस. टी. स्टँडवर गेलो. कंडक्टरसाहेबांची गाडी लागलेली होती. फलाटावर उभ्या उभ्या मी त्यांना सगळे सांगितले. चूक मुलीची नव्हती, आमची होती, हे सांगितले. आणि मी तिला जे बोललो, ते मागे घेतले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, ‘‘साहेब, आम्ही डबल बेल द्यायच्या आधी माणसं मोजतो. तुमच्या शेवटच्या पानानं मोजली न्हाईत व्हय?’’

आमच्या तीन पदवीधरांच्या कमिटीला जे सुचले नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

भाच्याने दोन रविवार खर्च करून अर्ज दुरुस्त करून दिला. आता पहिले पान भरताक्षणीच अर्ज-क्रमांक मिळतो आणि ते पान कायमच्या दप्तरात नोंदले जाते. पुढचे प्रत्येक पान त्याच क्रमांकावर चढते. स्टँडवर चपला नाहीत, फक्त क्रमांक असतो. तो गेला तरी माहिती जात नाही. मर्यादाही एका घटकेवरून दोन तासांवर नेली आहे. शेवटचे पान आधी माणसे मोजते, आणि मगच डबल बेल देते. अर्ज संपला, की बिल्ला रद्द होतो. कारण कॉलेजच्या सामायिक कॉम्प्युटरवर ब्राउझर कोणी बंद करत नाही, आणि पुढच्या मुलाने त्याच बिल्ल्यावर मागच्या मुलीच्या चपला घेऊन जाऊ नये.

माझ्या वाट्याला पुन्हा शुद्धलेखनच आले. वेळ संपली, की दिसायच्या पाटीवर भाच्याने लिहिले होते, ‘आपला अवधी संपला आहे.’ हे वाचून एखादा म्हातारा पालक घाबरून जायचा! मी ते खोडून लिहिले : ‘बराच वेळ झाल्यामुळे आम्ही थांबलो आहोत. आपण भरलेले जपून ठेवले आहे. अर्ज-क्रमांक द्या, आणि मागील पानावरून पुढे चालू करा.’

राहिली ती ओळ. दप्तर चाळताना तशा एकंदर सात ओळी निघाल्या : पहिली पाने कोरी, शेवटची भरलेली. एक जण म्हणाले, ‘‘नियमाप्रमाणे अपुरा अर्ज बाद होतो.’’ मी म्हणालो, ‘‘अर्ज अपुरा नव्हता, आम्ही तो अपुरा केला.’’ प्राचार्यांनी गणिती माणसाप्रमाणे दोन मिनिटे विचार केला आणि सातही जणांचे अर्ज पुन्हा भरून घ्यायला सांगितले. पालकांच्या नंबरांवर फोन करण्याचे काम मी मागून घेतले.

सहा जण आले. दुसऱ्या यादीत सहाही जणांची नावे लागली. कंडक्टरसाहेबांच्या मुलीला भूगोल हवा होता. तोवर भूगोलाच्या जागा भरल्या होत्या. तिला मराठी मिळाले. आता ती माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसते. परवा मी तिला म्हणालो, ‘‘भूगोल गेला तुझा.’’ ती म्हणाली, ‘‘सर, मराठीही आवडतं मला.’’ ती खरे बोलते, हे मला आता ठाऊक आहे. तरी त्या उत्तराने माझे ओझे पुरते उतरले, असे नाही.

सातवा नंबर लागला नाही. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, मी तो फिरवत होतो. त्या ओळीत नाव नाही, गाव नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक, निवडलेले विषय, आणि बंद असलेला एक मोबाइल, एवढेच आहे. निवडलेल्या विषयांत पहिला मराठी आहे.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत कोणाच्या घरी कसला अर्ज भरणे चालले असेल, तर सगळे कागद आधी समोर घेऊन बसा, आणि अर्ज-क्रमांक कागदावर उतरवून ठेवा. आणि आपल्यापैकी कोणी खिडकीच्या आतल्या बाजूला बसत असेल, आणि बाहेरचा माणूस म्हणाला, ‘मी मागच्या पानावर लिहिलं होतं’, तर त्याच्याकडे चष्म्यावरून पाहण्याआधी एकदा मागचे पान शोधून पाहा.

माझ्या डायरीत तो सातवा नंबर अजून आहे. आज लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पुन्हा एकदा फिरवून पाहणार आहे.